एकच गाणं सगळे का गातात?

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं जास्त आली. जुन्या अमेरिकन जॅझ आणि पॉप गाण्यांचा अल्बम, ज्या गाण्यांना तिकडे ‘स्टँडर्ड’ म्हणतात, तो ऐकावा कसा, गावा कसा, आणि मुळात काढावा तरी का, असे हे प्रश्न. मी आयुष्यभर गायक-गायिकांच्या साथीला पियानोवर बसत आले आहे, तेव्हा उत्तरं साथीदाराच्या खुर्चीतून दिली आहेत. गायकांनी रागावू नये.

प्रश्न: मुलीने आजच्या एका गायिकेचा अल्बम ऐकवला. बारा गाणी, सगळी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची, आणि प्रत्येक गाणं आधी डझनभर लोकांनी गायलेलं. तरी सगळीकडे कौतुक! दुसऱ्यांची गाणी गाऊन स्वतःचा अल्बम म्हणवायचा, हे उसन्या पैशांवर श्रीमंती मिरवण्यासारखं नाही का?

उत्तर: उसनं घेतलं म्हणता, पण कुणाकडून? सिनात्राकडून? एला फिट्झगेराल्डकडून? ते या गाण्यांचे गाजलेले गायक खरे, पण त्यांनीही ही गाणी लिहिलेली नव्हती. साधारण १९२० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेत गाणं लिहिणारा वेगळा, चाल बांधणारा बहुधा आणखी वेगळा आणि गाणारा तर वेगळाच असे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर गाण्यांच्या प्रकाशकांची दाटी होती, त्या भागाला ‘टिन पॅन ॲली’ म्हणत. तिथे गाणं कागदावर छापून विकलं जाई, ज्याला हवं त्याने विकत घ्यावं आणि गावं म्हणून. पुढे ब्रॉडवेची संगीत नाटकं आणि हॉलिवूडचे चित्रपट या गाण्यांची मोठी टाकसाळ झाली. कोल पोर्टरचं ‘नाइट अँड डे’ १९३२ सालच्या एका नाटकातलं, नट-नर्तक फ्रेड अस्टेअरच्या तोंडी आलेलं. नाटक आज कितीजणांना आठवतं? गाणं मात्र नाटकाची गाठ सोडवून केव्हाच निघून गेलं.

या रचनाकारांपैकी अर्विंग बर्लिनबद्दल थोडं विषयांतर करते, कारण पियानोवाली म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. त्याला स्वरलेखन येत नव्हतं आणि तो एकाच पट्टीत, मुख्यतः पियानोच्या काळ्या कळांवर वाजवायचा. दुसरी पट्टी हवी असली की पियानोला बसवलेला खटका फिरवायचा. बोटं तिथेच, सूर मात्र सरकलेला! अशा माणसाने शेकडो गाणी रचली आणि १०१ वर्षं जगला. आम्ही बाराही पट्ट्या घोकून कुठे पोचलो, ते विचारू नका.

मुद्द्यावर येते. या गाण्यात चाल, शब्द आणि त्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांची, साखळी एवढंच पक्कं असतं. लय, पट्टी, ठेका, साथीला कोण, सुरुवात कुठून, हे सगळं गाणाऱ्याच्या हाती. ‘फ्लाय मी टू द मून’ घ्या. बार्ट हॉवर्डने १९५४ मध्ये ते लिहिलं तेव्हा ते वॉल्ट्झ होतं, तीन-तीन मात्रांचं, आणि नावही ‘इन अदर वर्ड्‌स’ असं होतं. त्या गाण्यातला प्रेमी चंद्राताऱ्यांच्या मोठमोठ्या गप्पा मारतो आणि मग ‘म्हणजे थोडक्यात सांगायचं तर’ असं म्हणत साध्या मागणीवर येतो. वॉल्ट्झमध्ये तो लाजतो आहे असं वाटतं. १९६४ मध्ये सिनात्रा ते काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर गायला, वाद्यरचना क्विन्सी जोन्सची, ठेका चार मात्रांचा. तिथे प्रेमी लाजत वगैरे अजिबात नाही. त्याला उत्तर आधीच ठाऊक आहे. शब्द तेच, माणूस बदलला.

याहून धाडसी उदाहरण ‘स्टारडस्ट’चं. होगी कारमायकेलची १९२७ सालची चाल, मिचेल पॅरिशचे शब्द नंतरचे. त्या काळच्या पुष्कळ गाण्यांना मुख्य भागाआधी एक प्रस्तावनेसारखा तुकडा असतो, त्याला ‘व्हर्स’ म्हणतात. गायक तो सर्रास गाळतात. सिनात्राने १९६१ मध्ये ध्वनिमुद्रण करताना नेमकं उलटं केलं. फक्त प्रस्तावना गायली आणि जगभर प्रसिद्ध असलेलं मुख्य गाणं गायलंच नाही. ऐकणारा वाट बघत राहतो आणि गाणं संपतं. आठवणीत अडकलेल्या माणसाचं गाणं आहे ते, त्यामुळे हे अपुरेपण तिथे शोभतं.

आणि मोठ्या गायकांनी तर अख्खे अल्बम याच पायावर उभे केले. नॉर्मन ग्रान्झने व्हर्व्ह ही कंपनी काढली आणि १९५६ मध्ये एलाकडून कोल पोर्टरची ३२ गाणी गाऊन घेतली. तिथून १९६४ पर्यंत आठ रचनाकारांची ‘साँगबुक’ झाली. गर्श्विन बंधूंच्या एकट्या संचात पन्नासहून जास्त गाणी आहेत. एलाला उसनवारी करणारी म्हणायची माझी तरी छाती नाही.

तेव्हा गाणी जुनी आहेत, ही तक्रार सोडून द्या. तक्रार करायचीच तर वेगळी जागा दाखवते. यातले बरेच अल्बम कंटाळवाणे असतात. व्हायोलिनची मऊ उशी, सगळी गाणी एकाच मध्यम लयीत, आणि जिथे सिनात्राने श्वास घेतला तिथेच श्वास. रेस्टॉरंटमध्ये बोलण्याला पडदा म्हणून ठीक. तुमच्या मुलीच्या अल्बमला एवढंच विचारा की या बाईने काय बदललं, आणि तो बदल शब्दांतून आला आहे की नुसती चूष म्हणून केला आहे. उत्तर मिळालं तर अल्बम तिचा.

प्रश्न: मी हौशी गायिका आहे. अशा गाण्यांचा छोटा अल्बम करायचं मनात आहे. जाणकार सांगतात, ‘ठेक्यावर चिकटून गाऊ नकोस, थोडी मागे राहून गा.’ मागे राहिले की मी हरवते आणि मग सावरायला धावते. काय करू? गाणी कशी निवडू?

उत्तर: तुझं पत्र वाचून हसू आलं, कारण ही धावपळ मी पियानोमागून फार पाहिली आहे. मागे राहतो तो गायक. साथ मागे राहत नाही आणि तिने राहूही नये. पुष्कळ गायिका लांबवायला लागल्या की मनातून अपेक्षा करतात, साथीदाराने थांबावं. तो थांबला की गाणं बसलं खाली.

आधी गाणं कोरडं, सरळ, स्वरलिपीत लिहिलंय तसंच गायला शीक. हे बहुतेक लोक टाळतात. मग चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाच, कुणाला तरी सांगतेय असे. कुठला शब्द तू आपोआप लांबवतेस, कुठला गिळतेस, कुठे थांबतेस, ते बघ. गाताना तीच वळणं ठेवायची. मागे राहणं म्हणजे प्रत्येक शब्द सारखाच उशिरा टाकणं नाही. ओळीची सुरुवात उशिरा केलीस तर पुढचे शब्द जवळजवळ घे, आणि ओळ संपायच्या जागी ठेक्याशी गाठ घे. समेचा ज्यांना अभ्यास आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. बिली हॉलिडेची १९३० च्या दशकातली, टेडी विल्सनच्या वाद्यमेळाबरोबरची गाणी ऐक. चाल ती अगदी दोन-चार स्वरांत दाबून आणते आणि तरी कुठेही घसरत नाही. घरी सराव करताना मेट्रोनोम (ठेका मोजणारं टिकटिक यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजतो आहे असं धरून गा. आठवडाभर वैतागशील. मग पाय आपोआप बरोबर पडायला लागतील.

हरवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा लय नसतं, आकृती पाठ नसणं हे असतं. यातली असंख्य गाणी ३२ बारची असतात, एका बारात चार मात्रा. आठ बार चाल, तेच पुन्हा, मग आठ बारचा वेगळा तुकडा म्हणजे ब्रिज, आणि शेवटी पहिली चाल परत. वाद्यांचा सोलो चालू असताना तू गप्प उभी असशील तेव्हाही आपण कुठल्या आठात आहोत हे तुला कळलं पाहिजे. सगळी मात्र या मापात बसत नाहीत. ‘नाइट अँड डे’ ४८ बारचं आहे, पोर्टरचंच ‘बिगिन द बिगीन’ तर १०८ बारचं. आणि ‘बॉडी अँड सोल’चा ब्रिज सुरू होताच सगळा सूर अर्ध्या स्वराने वर सरकतो, तिथे कान तयार नसला की गायिका जमिनीवर आणि साथ गच्चीवर.

पट्टीचं सांगते. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण म्हणतात, ‘रेकॉर्डच्या पट्टीत वाजवा.’ रेकॉर्ड ज्याची, गळा त्याचा. तू आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोध. ‘ओव्हर द रेनबो’च्या पहिल्याच शब्दात खालच्या ‘सा’वरून थेट वरच्या ‘सा’वर उडी आहे. सुरुवातीलाच ओढाताण झाली तर पुढे ऐकणारा घाबरूनच ऐकतो. (१९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातून हे गाणं काढून टाकायच्या गोष्टी झाल्या होत्या म्हणे, चित्रपट रेंगाळतो म्हणून! राहिलं, आणि ऑस्कर घेऊन गेलं.) हळू गाण्यासाठी बोलण्याच्या आवाजाजवळची पट्टी घे. मोठ्याने गाण्याची गरज नाही. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला, तेव्हाच बिंग क्रॉसबीसारख्यांनी कानाशी बोलल्यासारखं गाऊन दाखवलं. ही सगळी गायकीच मायक्रोफोनची लेक आहे.

श्वास! सिनात्रा १९४० मध्ये टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गेला. डॉर्सी ट्रॉम्बोनवर लांबच लांब ओळी श्वास न तोडता वाजवतो, हे त्याने मागे बसून पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यातून चोरून श्वास घेतला जातो हे कळल्यावर त्याने तीच युक्ती गळ्यासाठी आत्मसात केली, वर पाण्याखाली पोहून दम वाढवला. ऐकणाऱ्याला मात्र कसरत जाणवत नाही, वाक्य सलग ऐकू येतं एवढंच. तू तुझ्या गाण्याच्या कागदावर श्वासाच्या खुणा कर, आणि त्या वाक्याच्या मध्ये येत असतील तर खोडून पुन्हा कर.

स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवरचं गाणं, सध्या ठेवून दे. बर्लिनमध्ये १९६० साली एला ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली. थांबली नाही, जागच्या जागी नवे शब्द रचत गेली, आपण विसरलोय हेसुद्धा गाण्यातच सांगून टाकलं, आणि त्याच ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. ते जमलं कारण आकृती तिच्या रक्तात होती. शब्द विसरल्यावर डू-बी-डू करणं आणि हे, यात फार अंतर आहे.

निवड करताना वीस गाण्यांचा हट्ट धरू नकोस. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांचा १९६३ चा अल्बम बघ. सहा गाणी, जेमतेम अर्धा तास, सगळी संथ. हार्टमन एकही स्वर दाखवण्यासाठी लावत नाही. त्यातलं ‘लश लाइफ’ बिली स्ट्रेहॉर्नने किशोरवयात लिहायला घेतलं होतं. थकल्या-भागल्या माणसाचं ते गाणं त्या वयात कसं सुचलं असेल, देव जाणे. तू ते इतक्यात निवडू नकोस, चाल नको तिथे वळते आणि साथीशिवाय सूर सापडत नाही. जे शब्द तुला तुझ्या तोंडी खोटे वाटत नाहीत अशी सहा-सात गाणी घे. त्यातल्या निदान एकाची गाळलेली प्रस्तावना शोधून गा. लोकांना गाणं ओळखायला थोडा वेळ लागेल, आणि ते जेव्हा ओळखतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रश्न: ही गाणी जॅझ की पॉप? मित्रांशी वाद झाला आहे, निकाल द्या.

उत्तर: निकाल राखून ठेवते. लेडी गागा आणि टोनी बेनेट यांचा २०१४ चा अल्बम जॅझचा म्हणून आला आणि ग्रॅमी मिळालं ते ‘ट्रॅडिशनल पॉप’ विभागात. बेनेट तेव्हा ८८ वर्षांचा होता. त्याला या वादात रस असल्याचं दिसलं नाही. कामचलाऊ खूण हवी तर ही घ्या: गाणं दुसऱ्यांदा गाताना गायक चाल बदलतो आणि वादक त्याला उत्तर देतात, तिथे जॅझ. सगळं आधी लिहून ठेवलंय आणि ते सुंदर वाजतंय, तिथे पॉप. सिनात्रा या दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर उभा राहतो, म्हणून तुमचा वाद मिटत नाही.

प्रश्न: बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ श्रेष्ठ मानतात. मी ऐकला. आवाज पार गेलेला आहे. उगाच हळवेपणाने मोठा केलाय का?

उत्तर: आवाज गेलेलाच आहे, तुमच्या कानात खोट नाही. १९५८ ची ही रेकॉर्ड. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ती गेली, अवघ्या ४४ व्या वर्षी. वाद्यरचनाकार रे एलिसची व्हायोलिनं गुळगुळीत आणि त्यावर हा खरखरीत, तुटणारा गळा. खुद्द एलिसलाही सुरुवातीला तिचं गाणं पसंत पडलं नव्हतं. आपण फक्त संगीत म्हणून ऐकत होतो, भाव म्हणून ऐकलंच नव्हतं, अशा अर्थाचं त्याने नंतर सांगितलं. मला स्वतःला हा अल्बम सलग ऐकवत नाही. पण तिचं शब्दांचं टायमिंग बघा, ते तसूभर बिघडलेलं नाही. तिचे तिशीच्या आतले आवाज आधी ऐका, लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या शेजारून चालतो ते. हा नंतर. उलटा क्रम लावलात तर नुसती कीव येईल, आणि तिला कीव नको होती.

प्रश्न: नॅटली कोल दिवंगत वडिलांबरोबर युगुलगीत गायली. ही फसवणूक नाही?

उत्तर: कुणाला फसवलं? नॅट किंग कोल १९६५ मध्ये गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या जुन्या ‘अनफर्गेटेबल’भोवती १९९१ मध्ये लेकीचा आवाज गुंफला. जोड कौशल्याची आहे आणि अल्बमला वर्षातला सर्वोत्तम म्हणून ग्रॅमी मिळालं. माझी हरकत दुसरीच आहे. युगुलगीतात एकाने दुसऱ्याचं ऐकून गायचं असतं. इथे लेक ऐकते, वडील ऐकू शकत नाहीत. त्यामुळे गाणं गोड आहे पण हलत नाही. नॅटचं मूळ ऐका, आणि तो आधी पियानोवादक होता हेही विसरू नका. गायकीच्या प्रसिद्धीत त्याची बोटं झाकली गेली, आम्ही पियानोवाले हे विसरत नाही.

प्रश्न: रॉकवाले आणि कंट्रीवाले म्हातारपणी ही गाणी का गायला लागतात? गळा थकला म्हणून?

उत्तर: काहींच्या बाबतीत हो. सगळ्यांच्या नाही. लिंडा रॉनस्टॅट १९८३ मध्ये वाद्यरचनाकार नेल्सन रिडलला घेऊन ‘व्हॉट्स न्यू’ करायला गेली तेव्हा ती चाळिशीच्या आत होती आणि गळा टिपेला होता. तिचं रॉक चाललेलं असताना हे करू नकोस, असंच भोवतालचे म्हणत होते. विली नेल्सनचा १९७८ चा ‘स्टारडस्ट’ माझा लाडका. गिटार, माउथ ऑर्गन, साधा ठेका, व्हायोलिनची उशी नावापुरती, आणि नाकातून येणारा त्याचा तो बोलका आवाज. बूकर टी. जोन्सने केलेली मांडणी इतकी मोकळी आहे की शब्दांना हवा लागते. कंट्री संगीताच्या यादीत तो जवळजवळ दहा वर्षं टिकला. रॉकगायक रॉड स्टुअर्टच्या अशा जुन्या गाण्यांच्या अल्बम-मालिकेबद्दल मत विचारू नका, माझे शेजारी तिचे चाहते आहेत.

प्रश्न: यातलं मला काहीच माहीत नाही आणि इंग्रजी गाण्याचे शब्दही पटकन कळत नाहीत. कुठून सुरुवात करू? यादी लांब नको.

उत्तर: एकच गाणं, तीनदा. ‘समरटाइम’. जॉर्ज गर्श्विनने १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरासाठी बांधलं, शब्द ड्यूबोझ हेवर्डचे. ऑपेरात एक आई बाळाला निजवताना ते गाते. सगळं ठीक आहे, रडू नकोस, असं ती सांगते, आणि चाल मात्र कोमल, उदास सुरांतली. एवढं कळलं की शब्द अडत नाहीत. पहिल्यांदा बिली हॉलिडे, १९३६. तिथे अंगाई वगैरे नाही, चालतं-फिरतं गाणं आहे. मग एला आणि लुई आर्मस्ट्राँग यांचं १९५७ चं ध्वनिमुद्रण. आधी लुईचा ट्रम्पेट, मग एलाचा नितळ आवाज, मग त्याचा खडबडीत. एकाच घरातली दोन माणसं बाळाला आळीपाळीने घेतायत असं वाटतं. तिसरी जॅनिस जॉप्लिन, १९६८, सोबत विजेच्या गिटारी. ती शेवटीच ऐका, आणि आवाज आधी थोडा कमी करून ठेवा.